पॉवर स्टिअरिंग काढून साधे स्टिअरिंग बसवताना

सुरत शहराच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून येऊन स्थिरावलेली मराठी वस्ती मोठी आहे. कापडाच्या व्यवसायात आयुष्य घालवलेल्या या कुटुंबांच्या दारात आज दहा-पंधरा वर्षे वापरलेली चारचाकी उभी दिसते. अशा गाडीच्या पॉवर स्टिअरिंगमधून तेल गळू लागले, दुरुस्तीचा आकडा ऐकून मालक गप्प झाला, की गॅरेजमधून एक सल्ला हमखास मिळतो, ‘भाऊ, पंपाचा पट्टा काढून टाका, गाडी साध्या स्टिअरिंगवर चालवा.’ हा सल्ला सुरतेत मिळतो, तसाच म्हापशात, फोंड्यात आणि मडगावातही मिळतो. तो स्वस्त आहे यात शंका नाही. मात्र तो सुरक्षित आहे का, कायद्याला धरून आहे का आणि पट्टा काढल्याने गाडीचे स्टिअरिंग खरोखर ‘साधे’ होते का, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय गाडीला हात लावू नये. या लेखाचा हेतू ती उत्तरे एकत्र मांडण्याचा आहे.

मदतीची गरज का भासली?

स्टिअरिंग चक्र फिरवले की त्याचा दांडा एका लहान दातेरी चाकाला फिरवतो. या चाकाला पिनियन म्हणतात. पिनियन ज्या दातेरी पट्टीला डावी-उजवीकडे सरकवतो ती पट्टी म्हणजे रॅक. रॅकच्या दोन्ही टोकांना जोडलेले टाय रॉड पुढची चाके वळवतात. साध्या स्टिअरिंगमध्ये एवढेच असते आणि सारे बळ चालकाच्या हातांचे असते.

हलक्या गाडीला हे पुरेसे होते. १४ डिसेंबर १९८३ रोजी रस्त्यावर आलेली मारुती ८०० ही त्याचे उत्तम उदाहरण. सुमारे साडेसहाशे किलो वजन, १४५ मिलिमीटर रुंदीचे आणि १२ इंची रिमचे टायर, त्यामुळे या गाडीला शेवटपर्यंत पॉवर स्टिअरिंगची निकड भासली नाही. गुजरातेतील साणंद येथे तयार होणारी टाटा नॅनोही आरंभी साध्या स्टिअरिंगचीच होती. तिचे इंजिन मागे असल्याने पुढच्या चाकांवर भार कमी आणि पुढचे टायर अवघे १३५ मिलिमीटर रुंद. तरीही जानेवारी २०१४ मध्ये आलेल्या ‘नॅनो ट्विस्ट’मध्ये विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग द्यावे लागले. गर्दीच्या शहरात वारंवार गाडी वळवणाऱ्या ग्राहकाला ती सोय हवी होती.

पॉवर स्टिअरिंगची कल्पना जुनी आहे. अमेरिकी अभियंता फ्रान्सिस डेव्हिस याने १९२० च्या दशकात तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा सिद्ध केली. १९५१ मध्ये क्रायस्लर कंपनीने इम्पीरियल या मोटारीत ती विक्रीसाठी दिली. विजेवरची यंत्रणा छोट्या गाडीत आणण्याचे काम १९८८ मध्ये सुझुकीने जपानमधील सर्व्हो या मोटारीत केले. आज भारतातील बहुतेक नव्या प्रवासी मोटारींमध्ये हीच विजेची पद्धत दिसते.

वजन वाढले की श्रम किती वाढतात?

उभ्या गाडीची चाके वळवायला किती बळ लागते याचा अंदाज देणारे एक अनुभवसिद्ध सूत्र वाहन अभियांत्रिकीत वापरले जाते. पुढच्या चाकांवरील भाराचा घन काढावा, त्याला टायरमधील हवेच्या दाबाने भागावे, आलेल्या संख्येचे वर्गमूळ घ्यावे आणि घर्षणांकाच्या एक तृतीयांशाने गुणावे. या सूत्राचा व्यवहारी अर्थ असा की, पुढचा भार दुप्पट झाला तर श्रम दुप्पट होत नाहीत, ते सुमारे २.८ पट होतात.

आकडे मांडून पाहू. पुढच्या चाकांवर ४५० किलो भार, सुमारे ३२ पीएसआय हवा, कोरडा डांबरी रस्ता आणि साध्या स्टिअरिंगचे २० ला १ हे गुणोत्तर धरले, तर चक्राच्या कडेवर साधारण ५ किलो वजन उचलण्याइतके बळ लागते. हे कोणालाही जमेल. आता पुढे ८५० किलो भार असलेली, डिझेल इंजिनची एखादी मोठी गाडी घ्या. तिच्या पॉवर स्टिअरिंगचे गुणोत्तर १६ ला १ असेल आणि मदत बंद केली असेल, तर तेच बळ १७ किलोच्या घरात जाते. शिवाय ते एकदा लावून भागत नाही. पार्किंगमध्ये गाडी मागे-पुढे करताना प्रत्येक वळणाला ते पुन्हा लावावे लागते.

टायरमधील हवा ३२ वरून २४ पीएसआयवर आली तर याच हिशेबाने श्रम सुमारे १५ टक्क्यांनी वाढतात. रुंद टायर बसवले तर आणखी वाढतात. चाके किंचित जरी फिरत असली तरी श्रम झपाट्याने कमी होतात. म्हणून साध्या स्टिअरिंगची गाडी चालवणारे जुने चालक उभ्या गाडीत चक्र कधीच पिळत नसत. गाडी इंचभर सरकू लागली की मगच ते वळवत.

सुरतेत हा फरक एका दिवसात कळतो. हजिऱ्याच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर गाडी वेगात असताना मदत बंद असल्याचे जाणवतही नाही. तीच गाडी चौटा बाजार किंवा भागळच्या गल्ल्यांत नेली, अथवा रिंग रोडवरील कापड बाजारासमोर दोन टेम्पोंच्या मधल्या जागेत लावायची वेळ आली, की खांदे भरून येतात. पणजीत फोंतेन्हासच्या गल्ल्यांत किंवा मडगावच्या बाजारात गाडी लावणाऱ्या गोमंतकीयाला वेगळे सांगायला नको. म्हणून गाडी महामार्गावर एक फेरी मारून ‘ठीक आहे’ असे ठरवू नये.

नुसता पट्टा काढणे चुकीचे का?

तेलावर चालणाऱ्या स्टिअरिंगमध्ये इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप, तेलाची टाकी, दाबाची व परतीची नळी आणि रॅकच्या आतील पिस्टन असे भाग असतात. चक्राचा दांडा व पिनियन यांच्यामध्ये पोलादाची एक बारीक सळई असते. तिला टॉर्शन बार म्हणतात. चालकाने चक्र फिरवले की ही सळई किंचित पिळली जाते. त्या पिळामुळे झडप उघडते आणि योग्य बाजूला तेलाचा दाब जातो.

पट्टा काढला की पंप थांबतो, पण बाकीचे सारे जागेवर राहते. रॅक सरकताना आतला पिस्टन तेल ढकलत राहतो. म्हणजे चालक चाके वळवतो आणि वर तेलही पंप करतो. दुसरे असे की, मदत नसल्यामुळे टॉर्शन बार प्रत्येक वेळी आपल्या मर्यादेपर्यंत पिळला जातो आणि मगच पिनियन खऱ्या अर्थाने फिरू लागतो. चक्र मध्यावर असताना जी ढिलाई जाणवते ती हीच. तिसरे म्हणजे ज्या सीलमधून तेल गळत होते तिथून ते गळतच राहते. टाकी रिकामी होते, रॅकचा आतला भाग कोरडा पडतो, गंजतो आणि कालांतराने अडकू लागतो. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत हे अधिक लवकर घडते.

यात आणखी एक धोका आहे. अनेक इंजिनांत हाच पट्टा अल्टरनेटर किंवा पाण्याचा पंपही फिरवतो. तो काढला तर बॅटरी उतरेल किंवा इंजिन तापेल. पट्टा कोणकोणते भाग फिरवतो हे पाहिल्याशिवाय त्याला हात लावणे म्हणजे स्टिअरिंगची बचत इंजिनावर खर्च करणे होय.

मदत बंद पडल्यावरही गाडी वळवता आली पाहिजे, अशी अट आंतरराष्ट्रीय नियमांत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ७९ क्रमांकाच्या वाहन नियमानुसार प्रवासी मोटारीत, ताशी १० किलोमीटर वेगाच्या चाचणीत, यंत्रणा चालू असताना चक्रावरचे बळ १५० न्यूटनच्या आत असावे लागते. यंत्रणा बंद पडल्यास ही मर्यादा ३०० न्यूटन आहे आणि तेव्हा वळणाची त्रिज्याही मोठी धरली जाते. ही दुप्पट सवलत आणीबाणीसाठी आहे. गाडी रस्त्याच्या कडेला सुखरूप नेता यावी, एवढाच तिचा उद्देश. त्या अवस्थेत गाडी वर्षभर चालवणे त्या नियमाला अभिप्रेत नाही.

बदलाचे मार्ग

मदत काढून टाकायचीच असेल तर प्रत्यक्षात तीन मार्ग आढळतात.

पहिला मार्ग म्हणजे रॅकच्या दोन तोंडांना नळीने एकमेकांशी जोडून तेल आतल्या आत फिरू देणे. याने अडथळा काहीसा कमी होतो, टॉर्शन बारची ढिलाई मात्र तशीच राहते. गाडी गॅरेजपर्यंत न्यायला हा उपाय ठीक, कायमचा नव्हे.

दुसरा मार्ग रॅक उघडून पिस्टनवरील सील काढण्याचा, आत ग्रीस भरण्याचा आणि टॉर्शन बार पक्का करण्याचा. शर्यतीच्या गाड्या बांधणारे हा मार्ग वापरतात. यात वेल्डिंग करावे लागते आणि तिथेच खरी मेख आहे. पिनियनचे पोलाद उष्णतेची प्रक्रिया करून कठीण केलेले असते. चुकीच्या वेल्डिंगने ते ठिसूळ होते आणि तडा दिसतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. बंदिस्त ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीचा प्रयोग कुटुंबाला घेऊन चोर्ला किंवा अनमोड घाटातून जाणाऱ्या गाडीवर करू नये.

तिसरा आणि त्यातल्या त्यात शिस्तीचा मार्ग म्हणजे त्याच गाडीच्या साध्या आवृत्तीचा मूळ रॅक बसवणे. एकाच मॉडेलच्या स्वस्त आवृत्तीत साधे आणि महागड्या आवृत्तीत पॉवर स्टिअरिंग, अशी पद्धत आपल्याकडे अनेक वर्षे होती. अशा गाडीसाठी कारखान्यातच आखलेला साधा रॅक उपलब्ध असू शकतो. त्याचे गुणोत्तर हातांच्या बळाचा विचार करून ठरवलेले असते. पॉवर स्टिअरिंगचे चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे तीन वेळा फिरत असेल, तर साध्या स्टिअरिंगचे चारच्या आसपास फिरते. श्रम कमी झाले त्याची ही किंमत आहे. अचानक समोर गुरे आली तर तेवढेच वळण घ्यायला हात अधिक फिरवावे लागतात, आणि चालकाने ही सवय नव्याने लावून घ्यावी लागते.

मॉडेलची साधी आवृत्ती कधीच निघाली नसेल, तर दुसऱ्याच गाडीचा रॅक कापून-जोडून बसवण्याच्या फंदात पडू नये. रॅकची उंची आणि टाय रॉडची लांबी जुळली नाही, तर खड्ड्यात चाक वर-खाली होताच गाडी आपोआप एका बाजूला वळू लागते.

साधा रॅक बसवताना काय पाहावे

केवळ रॅक मिळाला म्हणजे काम झाले असे नाही. चक्राच्या दांड्याचा सांधा व त्याचे दाते, टाय रॉडची टोके, रॅक धरणारे ब्रॅकेट, पट्टा आणि त्याची पुली हे सारे साध्या आवृत्तीतलेच आहे का, हे भागांच्या क्रमांकावरून तपासावे. पंप निघाल्यावर पट्ट्याची लांबी बदलते. काही इंजिनांत पंपाच्या जागी रिकामी पुली बसवावी लागते.

तेलाच्या दाबाची नोंद घेणारा एक स्विच अनेक गाड्यांत असतो. पार्किंगमध्ये पंपाचा भार वाढला की इंजिन बंद पडू नये म्हणून तो इंजिनाच्या संगणकाला सूचना देतो. त्याची तार लोंबकळत ठेवू नये. गाडीत एअरबॅग असेल तर आधी बॅटरी तोडावी, चाके सरळ ठेवावीत आणि काम चालू असताना चक्र फिरू देऊ नये. चक्राखालची गुंडाळलेली पट्टी तुटली तर अपघातात एअरबॅग उघडणार नाही.

काढलेले नट आणि पिना पुन्हा वापरू नयेत. सर्व नट उत्पादकाने सांगितलेल्या बळाने टॉर्क पान्यानेच आवळावेत. निघालेले जुने तेल गटारात किंवा ओहोळात ओतू नये. शेवटी व्हील अलाइनमेंट करणे अनिवार्य आहे. अलाइनमेंट करताना चक्र हलके व्हावे म्हणून कॅस्टर कोन मनमानीने कमी करू नये. हा कोन वळणानंतर चक्राला आपोआप सरळ करतो. तो घालवला तर हलकेपणा मिळतो, पण महामार्गावर गाडी सरळ धावेनाशी होते.

विजेच्या स्टिअरिंगचे काय?

वर सांगितलेले सारे तेलाच्या यंत्रणेविषयी आहे. विजेच्या स्टिअरिंगमध्ये चक्राच्या दांड्यावर किंवा रॅकवर मोटार, बळ मोजणारा सेन्सर आणि संगणक असतो. त्याचा फ्यूज काढला तर मदत थांबते. पण मोटार व तिचा गिअर दांड्याला जोडलेलेच राहतात आणि चालकाला तेही फिरवावे लागतात. नव्या गाड्यांत चक्राच्या कोनाची माहिती गाडी घसरण्यापासून वाचवणाऱ्या यंत्रणेलाही जाते. म्हणून अशा गाडीतले विजेचे स्टिअरिंग काढणे हा विचार सोडूनच द्यावा.

ही यंत्रणा रुसण्याचे कारण बरेचदा स्वस्त असते. अशक्त बॅटरी, गंजलेली अर्थिंगची तार किंवा सैल जोड पुरेसा असतो. पार्किंगच्या क्षणी ही मोटार बरीच वीज ओढते. बॅटरीचा दाब पडला की संगणक मदत तोडतो आणि समोर दिवा पेटतो. हजारो रुपयांचा कॉलम बदलण्यापूर्वी बॅटरी आणि अर्थिंग तपासून घ्यावे.

पूर आणि जुनी गाडी

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. जुलै २०२१ मध्ये सत्तरी, डिचोली भागानेही पुराचा तडाखा सोसला. पुरात उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून विकली जाते आणि दोष मागाहून दिसतात. स्टिअरिंग हा त्यातला नेहमीचा बळी. रॅकच्या फाटलेल्या रबरी आवरणातून पाणी आत शिरते आणि गंज चढतो. विजेच्या यंत्रणेत पाणी सेन्सर व जोडांत जाऊन बसते. महिनोन्‌महिने बंद-चालू होणारी मदत हे त्याचे लक्षण आहे.

परराज्यातील जुनी गाडी स्वस्तात घेणाऱ्याने म्हणून काही गोष्टी पाहाव्यात. इंजिनाजवळ पंपाचे रिकामे ब्रॅकेट आहे का? रॅकच्या नळ्यांची तोंडे बूच मारून बंद केली आहेत का? चावी फिरवल्यावर स्टिअरिंगचा दिवा पेटून विझतो, की पेटतच नाही? चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकाला किती वेळा फिरते? यांतून आधीच्या मालकाने केलेला बदल सहज उघड होतो. सुरतेची जीजे-०५ क्रमांकाची गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ गोव्यात ठेवायची तर येथे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठीच्या तपासणीत जो दोष निघेल तो नव्या मालकाच्या माथी येतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

नोंदणी प्रमाणपत्रावर स्टिअरिंगचा प्रकार लिहिलेला नसतो, म्हणून हा बदल मुक्त आहे असा युक्तिवाद गॅरेजमध्ये ऐकू येतो. त्यावर विसंबू नये. गाडीला मिळालेली मान्यता तिच्या विशिष्ट आवृत्तीला असते. त्याच मॉडेलच्या साध्या आवृत्तीचे मूळ भाग बसवणाऱ्याची बाजू इतरांपेक्षा भक्कम असते हे खरे. तरीही काम हाती घेण्यापूर्वी आपल्या भागातील वाहतूक खात्याच्या कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. न कळवलेला बदल अपघाताच्या दाव्यात वादाचे मूळ ठरू शकतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ प्रत्येक चालकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्टिअरिंग चक्रातील ढिलाई ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये, सांध्यांना रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना पक्क्या असाव्यात, असे तो सांगतो. खासगी गाडीला १५ वर्षे झाल्यावर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी जी तपासणी होते, तिथे हा नियम प्रत्यक्ष भेटतो.

आधी दुरुस्ती, मग बदल

स्टिअरिंग जड झाले याचा अर्थ पॉवर स्टिअरिंग संपले असा नव्हे. क्रमाने पाहावे. टायरची हवा, मग पट्ट्याचा ताण, मग तेलाची पातळी व प्रत, त्यानंतर दांड्याचा सांधा, बॉल जॉइंट आणि सस्पेन्शनच्या वरचे बेअरिंग. गळती असेल तर ती नळीतून आहे, पंपातून की रॅकमधून, हे कोरड्या फडक्याने पुसून शोधता येते. नळी बदलणे हा किरकोळ खर्च. पंपाचे आणि रॅकचे सील बदलता येतात. जाणकाराकडून दुरुस्त करून घेतलेला रॅक नव्यापेक्षा बराच स्वस्त पडतो. चक्र शेवटच्या टोकाला दाबून धरण्याची सवय सोडली, तर पंपावरचा ताण वाचतो आणि सीलही टिकतात.

पंप काढल्याने इंधन वाचेल, हे कारणही पुढे केले जाते. बचत होते, पण ती काही टक्क्यांची. टायरमध्ये योग्य हवा ठेवून त्यातला बराचसा वाटा फुकटात मिळवता येतो.

हलकी गाडी, अरुंद टायर, त्याच मॉडेलचा कारखान्याने बनवलेला साधा रॅक, कागदोपत्री संमती आणि ते श्रम पेलणारा चालक, या पाचही गोष्टी जुळत असतील तरच हा बदल विचारात घ्यावा. एखादी जरी नसेल, तरी दुरुस्तीचा खर्च मुकाट्याने सोसलेला बरा. घरातील ज्येष्ठांना, खांद्याचे दुखणे असलेल्यांना किंवा नुकते चालवायला शिकलेल्यांना ती गाडी उद्या चालवावी लागणार असेल, तर त्यांना एकदा उभ्या गाडीत चक्र फिरवून पाहू द्यावे. ते त्यांना सहज फिरवता आले नाही, तर गॅरेजवाल्याचा स्वस्त सल्ला नम्रपणे नाकारावा.